पेन्सिलीखालचा तीळ

३ जून

प्रिय गुंडे,

आशीर्वाद घेशील की नाही ठाऊक नाही, म्हणून इथे कोपऱ्यात ठेवून देतो. लागला तर उचल.

माझा फोन तू सोळा वर्षं घेत नाहीस. मीही दोन वर्षांनी करायचा सोडला, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण काल तुझ्याशी बोलून झाल्यावर तुझी आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "अहो, गुंडीच्या डोळ्याखालचा तीळ डॉक्टरीणबाईंना बरा वाटत नाहीये. लहानपणापासूनचे फोटो मागितलेत."

मी म्हटलं, "बरं."

"बरं काय? उठा!"

मग सगळं तिच्याकडून नीट विचारून घेतलं. तीळ काळा पडलाय. खालच्या बाजूला त्याला खाच आहे. ही खाच आणि हा आकार जुनाच असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं, आणि नवीन असेल तर चोवीस तारखेला कापायचा. तो पापणीच्या इतका जवळ आहे की कापल्यावर पापणी खाली ओढली जाईल, डोळा पुरता मिटणार नाही. तुझी आई हे सांगताना कणीक मळत होती. मळून झाली तरी मळतच राहिली.

मी स्वतः घड्याळजी नसलो तरी घड्याळजीची बैठक मला माहीत आहे. तू भिंग डाव्याच डोळ्यात धरतेस. पापणीनेच धरायचं असतं ते. पापणी गेली तर तू घड्याळं उघडणार कशी, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

फोटोंची काळजी सोड. फोटोग्राफरच्या मुलीला फोटोंची वानवा? एक ते अठरा, दर वाढदिवसाचा एक. सगळे ट्रंकेत आहेत. ट्रंक माळ्यावर आहे, माळ्याला शिडी लागते, शिडी शेजाऱ्यांकडे आहे आणि शेजारी बाहेरगावी गेलेत. मला चार दिवस दे.

तुझे,
बाबा

७ जून

गुंडे,

शिडीचं खोटं होतं. मागचं पत्र पेटीत टाकण्याआधी तुझ्या आईने वाचलं (ती वाचतेच, तेव्हा यापुढे जपून उत्तर दे) आणि एवढंच म्हणाली, "शिडी आपल्याच जिन्याखाली आहे. आणि ट्रंक तुमच्या खाटेखाली आहे." तरी पत्र तिने तसंच टाकू दिलं. म्हणाली, खोटं बोललात ते तुम्हीच निस्तरा.

तर निस्तरतो. ट्रंक मी त्याच दुपारी उघडली होती. अठराच्या अठरा फोटो आहेत, एकालाही बुरशी नाही. आणि अठरांपैकी एकातही तुझा तीळ नाही.

तुला हे माहीतच आहे. तरी आईकडे फोटो मागितलेस, म्हणजे कुठेतरी एखादा माझ्या तावडीतून सुटला असेल अशी आशा तुला असणार. नाही गं सुटला. तुझा बाप कामाला पक्का होता.

नंतरचेही नाहीत, हे आईने सांगितलं. कुणी कॅमेरा काढला की तू मान डावीकडे फिरवतेस, लग्नाच्या फोटोतसुद्धा. ती मान मीच फिरवली. "डावीकडे, अजून थोडी, हां, आता हलू नकोस." तीळ जरा सावलीत गेला की मला पुढे काम कमी पडायचं. तुला वाटायचं सगळ्या मुलींना असंच बसवतात.

त्या दिवसाबद्दल मी कधी बोललो नाही. तुझ्या लेकीचा, आपल्या छोटीचा, पहिला वाढदिवस. तिच्या हनुवटीवर तपकिरी लास होती, जन्मखूण, रुपयाएवढी. तू तिला घेऊन स्टुडिओत आलीस, मी फोटो काढला, आणि तिसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकाने तुझ्यासमोर ठेवला. हनुवटी स्वच्छ. तू बराच वेळ बघत होतीस. मला वाटलं, खूश झाली. मग म्हणालीस, "बाबा, माझा खोडलात तो खोडलात. हिचं काही खोडायचं नाही." फोटो तसाच टेबलावर ठेवलास, पोरीला कडेवर घेतलंस आणि निघालीस. मी काय म्हटलं ते आठवतंय? म्हटलं, "अगं, प्रिंट तरी घेऊन जा." शाबास रे बापा.

आता का केलं ते सांगतो. तू तीन वर्षांची असताना तुझा फोटो मी काउंटरवर लावला होता. एक बाई आल्या, बघून म्हणाल्या, "गोड आहे हो पोरगी. फक्त तेवढं डोळ्याखालचं..." आणि बोट नाचवलं. बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकींचं तेवढंच काढून देत होतो, माझ्या मनाला कधी काही लागलं नव्हतं. त्या दिवशी लागलं. बाई गेल्या, मी तो फोटो फाडला आणि पेन्सिलीला टोक केलं.

तुला वाटतं मला तुझ्यात खोट दिसत होती. तसं नव्हतं. लोकांना दिसू नये, एवढंच होतं. आता हे कागदावर लिहिल्यावर कळतंय की तुझ्या बाजूने बघितलं तर दोन्ही सारखंच.

बाबा

१० जून

गुंडे,

मागचं पत्रही तुझ्या आईने वाचलं. आज सकाळी बोलली. "तुम्हीच काढलात ना? मग घाला परत."

मी म्हटलं, "वेड लागलंय का?" पण ते वाक्य डोक्यातून जाईना. घालता येईल की! जुन्या प्रिंटवर बारीक ब्रशने तीळ रंगवायचा, खाचेसकट. अर्ध्या तासाचं काम. त्यावरून पुन्हा फोटो काढला तर जगातल्या कुठल्याही डॉक्टरला कळणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणतील, जुनाच आहे, जाऊ द्या. तुझी पापणी वाचेल.

खोटं सांगत नाही, मी ब्रश ओला केला होता.

मग मला शिंपीदादा आठवले. तुझे फ्रॉक शिवायचे ते. स्टुडिओसमोरचं दुकान. ते दर वर्षी कुटुंबाचा फोटो काढायला यायचे. त्यांच्या कानशिलावर एक तीळ होता. पहिल्या वर्षी पेन्सिलीचे पाच-सहा फटके लागले. दुसऱ्या वर्षी दहा. तिसऱ्या वर्षी त्याची कड फुटली होती, टीपकागदावर शाई पसरते तशी, आणि एकाच तिळात तीन रंग. चौथ्या वर्षी मला पाऊण तास लागला. पाऊण तास, गुंडे! भिंगातून त्या तिळाकडे इतक्या जवळून त्यांच्या बायकोनेही कधी बघितलं नसेल. आणि मी काय केलं? फोटो सुंदर झाला. दादा म्हणाले, "तुमच्या हातात जादू आहे." पाचव्या वर्षी कुटुंब आलं, दादा नव्हते.

मी तेव्हा कुणाला काही बोललो नाही, तुझ्या आईलाही नाही. ती हे आत्ता वाचेल तेव्हा तिला कळेल. मला औषधपाण्यातलं काही कळत नव्हतं, हे खरं. पण "दादा, हा दर वर्षी मोठा होतोय" एवढं म्हणायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

म्हणून ब्रश धुऊन ठेवला. तुझा तीळ खरोखरच बिघडलेला असेल आणि मी तो रंगवून चांगला ठरवला तर? पापणी वाचवायला जाऊन तुलाच घालवून बसेन.

ब्रश धुताना टर्पेंटाईनचा वास नाकात गेला आणि एकदम आठवलं. अगं, मी पेन्सिल फोटोवर चालवायचो कुठे? निगेटिव्हवर चालवायचो! निगेटिव्हमध्ये काळा तीळ काचेसारखा रिकामा दिसतो. त्यावर चिकट रोगणाचा हात द्यायचा आणि ती रिकामी जागा पेन्सिलीने भरायची, की प्रिंटमध्ये तीळ गायब. पण खालचा तीळ कुठे जात नाही. तो तिथेच असतो, माझ्या पेन्सिलीखाली. आणि रोगण टर्पेंटाईनने निघतं.

निगेटिव्ह सगळ्या आहेत. मी एकही टाकलेली नाही. उद्यापासून बसतो.

बाबा

१४ जून

गुंडे,

आज हात दुखतोय, अक्षर समजून घे.

माझा हात आता थोडा कापतो. आईने तुला सांगितलं नसेल, मीच नको म्हटलं होतं. म्हणून ती समोर बसते आणि माझं मनगट टेबलावर दाबून धरते. मी काडीला कापूस गुंडाळून टर्पेंटाईनमध्ये बुडवतो आणि गोल गोल फिरवतो. मधूनच ती म्हणते, "हळू, पोरीचा डोळा आहे तो."

आधी वाईट बातमी. सातवा वाढदिवस गेला. टर्पेंटाईनचा डाग राहिला म्हणून मी ती निगेटिव्ह पाण्यात धुतली आणि घाईत पाणी जरा गरम घेतलं. फिल्मवरचा चित्राचा मसाला सुटला, दुधावरची साय सरकावी तसा. बघता बघता तुझा चेहरा पाण्यात गेला. दोन दात पडलेला फोटो होता तो. तुझी आई उठून भांडी घासायला गेली. बराच वेळ घासत होती. मीही त्या दिवशी पुढे कशाला हात लावला नाही.

बाकीचे पंधरा निघाले. पहिल्या दोन वाढदिवसांत तीळ नाहीच. ती माझी करामत नव्हे, तो तेव्हा आलाच नव्हता. असे तीळ जन्मतः नसतात, मागाहून येतात, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. छोटीच्या हनुवटीसारखी लास असते ती जन्मापासूनची, आणि लेकरू वाढेल तशी त्याच्या मापात ताणली जाते. तीळ तसा नाही. तिसऱ्या वर्षी तुझा तीळ टाचणी टोचल्यासारखा आहे, सपाट. आठव्या वर्षी नीट गोल. बाराव्या वर्षी त्याने अंग धरलंय, कातडीच्या जरा वर आलाय, उजेडाच्या बाजूला बारीक चमक दिसते. सतराव्या वर्षी फुगीर. एवढं आयुष्य लोकांचे तीळ पुसण्यात गेलं, पण एक तीळ मोठा होताना मी असा पहिल्यांदाच बघितला. तुझ्या वाढदिवसांना मी तुझ्याकडे बघतच नव्हतो बहुतेक, कामाकडे बघत होतो.

आता कामाचं. फोटो वेगवेगळ्या अंतरावरून काढलेत, मग माप कसं घ्यायचं? आमच्या धंद्यात बुबुळावर माप धरतात. सगळा चेहरा वाढतो, बुबुळ मात्र दोन-तीन वर्षांनंतर जवळजवळ तेवढंच राहतं. तर लिहून घे. तिसऱ्या वर्षी तीळ बुबुळाच्या आठव्या हिश्शाएवढा. आठव्या वर्षी पाचवा हिस्सा. बाराव्या वर्षी पाव. सतराव्या वर्षी तिसरा हिस्सा, आणि अठराव्या वर्षीही तिसराच. आता तुझा किती आहे, ते आरशात बघून मोजू नकोस. छोटीला मोजायला सांग. तू मान फिरवशील.

आणि खाच. सांगू? मला वाटलं टर्पेंटाईनने मीच निगेटिव्ह खरवडली. म्हणून तेरावं, चौदावं, पंधरावं, सगळी लायनीत लावून भिंगाखाली बघितली. बाराव्या वर्षापासून प्रत्येकात आहे. खालच्या बाजूला, नाकाकडे, नखाने दाबल्यासारखी. तुझ्या आईला दाखवली. तिने भिंग माझ्याकडून हिसकावून घेतलं आणि "आहे, आहे, आहे" करत एकेक बघत गेली, आणि मग पदराने भिंग पुसत बसली. भिंग स्वच्छच होतं.

बाबा

१७ जून

गुंडे,

प्रिंट आज पाठवतोय. सतरा आहेत, सातवा नाही. प्रत्येकाच्या मागे वय आणि बुबुळाचं माप लिहिलंय. तुझ्या आईने आधी मोबाईलने फोटोंचे फोटो काढून पाठवायचा प्रयत्न केला. त्यात तिचा अंगठा फार सुरेख आलाय. तेव्हा पार्सलच बरं. सोबत एक कागद आहे, त्यात मी कुठल्या निगेटिव्हचं काय धुतलं ते सगळं लिहिलंय. डॉक्टरीणबाईंना सांग, यात रंगवलेलं काही नाही. तिथे त्यांना शंका आली तर निगेटिव्ह मी स्वतः घेऊन येईन. दारात उभा राहून देईन, आत बोलावू नकोस हवं तर.

छोटीने तुझ्या आईच्या मोबाईलवर तुझ्या तिळाचा जवळून फोटो पाठवला, तो बघितला. छान घेतलाय. उजेड बरोबर बाजूने आहे. पोरीला कुणी शिकवलं?

त्यात मला एक गोष्ट दिसली. चुकत असेन तर सोडून दे. तुझ्या डोळ्याखाली भिंगाच्या कडेचा वळ आहे, कमानीसारखा. तो वळ बरोबर तिळावरून जातो, आणि तीळ काळा झालाय तो तेवढ्याच पट्टीत. वरचा भाग तसाच तपकिरी आहे. वीस वर्षं रोज आठ तास भिंगाची कड तिथे घासतेय, गुंडे. खपली धरून काळा पडला असेल का? मी डॉक्टर नाही. पण या वेळी मला दिसलं ते मी बोलणार. डॉक्टरीणबाईंना नक्की सांग. आणि त्यांना तरीही कापावा वाटला तर कापून घे. पापणीचं आपण बघू. मला तू हवी आहेस.

पार्सलमध्ये एक वेगळं पाकीट आहे. त्यात छोटीचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो आहे, धुतलेला. लास आहे तशी आहे. मी ती सोळा वर्षांनी पहिल्यांदा बघितली. आत छोट्या छोट्या गडद ठिपक्यांचं नक्षीकाम आहे, ते मी खोडलं होतं. फोटो तिला द्यायचा की नाही, ते तू ठरव. दिलास तर सांग, आजोबा चुकले होते.

बाबा

२८ जून

माझ्या गुंडे,

तुझं पत्र आलं. पाच ओळींचं आहे, आम्ही दोघांनी पंचवीस वेळा वाचलं. तुझी आई मोठ्याने वाचते आणि पहिल्या ओळीलाच थांबते, म्हणून पुढचं मी वाचतो.

खाच जुनी, माप तेच, अठराव्या वर्षापासून केसभरही वाढ नाही. पाच-सहा दिवस भिंग बंद ठेवल्यावर खपली पडली आणि खाली आपला जुना तपकिरी तीळ. सध्या कापायचा नाही. भिंग उजव्या डोळ्यात धरायला शिकायचं. एवढं वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. तुझी आई म्हणाली, "रडताय?" मी म्हटलं, "हो." इतक्या वर्षांत तिला माझं असं सरळ उत्तर मिळालं नव्हतं. तीही बसली मग शेजारी.

उजव्या डोळ्याने पहिला महिना वैताग येईल. वाटेल की बोटं दुसऱ्या कुणाची आहेत. हात कापायला लागल्यावर मलाही तसंच झालं होतं. सोडू नकोस.

आता तुझी चौथी ओळ. "दर तीन महिन्यांनी तिळाचा फोटो हवाय, त्याच अंतरावरून, त्याच उजेडात. डॉक्टर म्हणाल्या, चांगला फोटोग्राफर बघा. मी म्हटलं, ओळखीत एक आहे, पण त्याला तीळ दिसत नाहीत."

बसली हो थोबाडीत. आणि बरं वाटलं. सोळा वर्षांत तू मला काही बोलली नव्हतीस.

पाचव्या ओळीत तू विचारलंस, पुढच्या रविवारी स्टुडिओ उघडा असेल का. स्टुडिओ कसला, आता त्यात तुझ्या आईचे डबे आणि माझी औषधं असतात. पण आज सकाळपासून आम्ही डबे हलवतोय. खिडकी पुसली. तुझं ते तीन पायांचं स्टूल सापडलं, एक पाय हलत होता, ठोकून घेतला. जमिनीवर खडूने खूण केलीये, दर खेपेला स्टूल तिथेच ठेवायचं. पेन्सिली छोटीसाठी काढून ठेवल्यात. तिला चित्रं काढायला आवडत असेल तर नेईल, नाहीतर राहू देत. मला नको आहेत.

छोटीला म्हणावं, तिचाही एक फोटो काढू. तिला हवा असेल तरच.

आणि तू स्टुलावर बसलीस की मी सवयीने म्हणेन, मान डावीकडे. ऐकू नकोस. मान सरळ ठेव आणि माझ्याकडे बघ.

तुझे,
बाबा